पाला खंय असा?

आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही त्या रेस्टॉरंटमध्ये गेलो, हे आधीच सांगते. तीन दिवस आम्ही व्हिएतनाममधल्या सायगॉनच्या, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीच्या, फुटपाथवरच खात होतो, सकाळी फो, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, दुपारी कम ताम हा भात, संध्याकाळी जिथे धूर आणि गर्दी दिसेल तिथे, आणि सगळीकडे बसायला तेच प्लास्टिकचं स्टूल, लाल नाहीतर निळं, आपल्याकडे अंघोळीला घेतात तेवढ्याच उंचीचं. मला ती स्टुलं मनापासून आवडतात, कारण सगळे सारख्याच उंचीवर येतात, ऑफिसातला साहेब, मोटरसायकल टॅक्सीवाला, शाळेची पोरं, आम्ही दोघी. पण आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे कधीपासून कुरकुरतायत. तिने तीन दिवस एक शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी हॉटेलच्या जिन्यात कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आज खुर्ची असलेल्या जाग्यार जावया गो."

मला आधीच सुचायला हवं होतं, एवढंच वाटलं तेव्हा.

तर जागा शोधली. सायगॉनमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवीन तऱ्हेची रेस्टॉरंट्स आलीयत, म्हणजे पदार्थ सगळे गल्लीतले, फुटपाथवरचे, पण स्वयंपाकघर शेफचं, ताटं हाताने घडवलेली, लाइट मंद, आणि मेन्यूवर कुठेतरी 'स्ट्रीट फूडपासून प्रेरित' असं लिहिलेलं. यातलं सगळ्यात माहितीतलं नाव म्हणजे आनान सायगॉन, २०१७ साली तोन थात दामच्या जुन्या बाजारात सुरू झालं, खाली भाजी-मासळीच्या टोपल्या आणि वर हे. 'आन' म्हणजे खाणं, म्हणून आन आन, खा खा. रेस्टॉरंटांना स्टार देणाऱ्या मिशेलिनची व्हिएतनामसाठी पहिली यादी २०२३ मध्ये आली तेव्हा सगळ्या देशात ज्या चार ठिकाणांना एकेक स्टार मिळाला त्यात हे एक होतं. आम्ही गेलो ते हे नव्हे, पण त्याच वाटेवरचं, त्यापेक्षा लहान. जुन्या नळीसारख्या घरात. तिकडची घरं तशीच असतात, रस्त्याकडे तोंड जेमतेम चारेक मीटर आणि आत लांबच लांब, वर मजल्यावर मजले. आम्हाला तळमजल्यावरच टेबल मिळालं आणि खुर्च्यांना पाठ होती, आईने बसल्याबरोबर दोन्ही पाय सरळ केले आणि डोळे मिटून घेतले, मला तेवढ्यानेच ती जागा आवडून गेली.

स्ट्रीट फूड रस्त्यावरच खाल्लं पाहिजे असं मीही खूपदा म्हटलंय. आता तितकंसं म्हणवत नाही. हे बोलणाऱ्याचे गुडघे बहुतेक तिशीतले असतात. म्हातारं माणूस, पोटुशी बाई, वॉकर घेऊन चालणारा माणूस, यांनी बान सेओ, म्हणजे तिकडचं घावन, खायचाच नाही का? टॉयलेट असलेली, पंखा असलेली, पाठ टेकायची सोय असलेली जागा असणं ही काही छोटी गोष्ट नाही.

टेबलाशी आलेली मुलगी विशीतली असेल, इंग्रजी छान बोलायची. पण आईशी बोलताना ती मध्येच स्वतःसाठी 'कोन' असा शब्द वापरायची. आईने मला विचारलं, मी तिला विचारलं, तर म्हणाली, कोन म्हणजे लेकरू. दक्षिणेत आईच्या वयाच्या माणसाशी बोलताना 'मी' म्हणायचं नाही, 'लेकरू' म्हणायचं, लेकरू पाणी आणतं, लेकरू मेन्यू देतं. आणि समोरच्याला मावशी, आजी, ताई, दादा, जे वय असेल ते. व्हिएतनामी भाषेत सगळ्यांनाच कुठलं तरी नातं लावावं लागतं, सरसकट चालेल असा 'तू' किंवा 'तुम्ही' त्यांच्याकडे नाही. आई एकदम खूश. त्यानंतर ती मुलगी आईसाठी 'बाय' झाली. "बाये, वाईच पाणी दी गो," असं सरळ मालवणीत सांगायची आणि पाणी यायचं.

आम्ही वेंगुर्ल्याचे. आई मासे खाते, कोंबडी खाते, डुक्कर नाही आणि बीफ नाही. मी पुण्यात राहून डुकरापर्यंत आलेय. हे सगळं त्या मुलीला सांगितलं आणि तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट तिने विचारलं की मग आज 'चाय' हवंय का. चाय म्हणजे शाकाहारी, बौद्ध परंपरेतलं. तिकडे बरीच माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला चाय पाळतात, आपल्याकडे कुणी एकादशी करतं, कुणी सोमवार, तसं. शाकाहारी वाचकांनो, तुम्हाला पाटीवर 'चाय' एवढा एक शब्द ओळखता आला तरी सायगॉनमध्ये उपाशी राहावं लागत नाही. फक्त नुओक माम, म्हणजे माशाचा सॉस, घातलेला नाही ना हे वेगळं विचारायचं, बाकी ठिकाणी तो सगळ्यात असतो.

पहिलं आलं ते केळफुलाचं सॅलड. बारीक चिरलेलं केळफूल, कोळंबी, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, लिंबू, मिरची, वरून कुरकुरीत तळलेला कांदा. आई कितीतरी वेळ नुसती बघत होती. केळफूल कच्चं? आमच्याकडे केळफूल निवडणं म्हणजे अर्धा दिवस, हाताला तेल लावून बसायचं, एकेक जांभळं पान सोलायचं, आतल्या फण्या काढायच्या, प्रत्येक फुलातला तो न शिजणारा दांडा आणि पापुद्रा काढायचा, मग रात्रभर ताकाच्या पाण्यात. पानं गुरांना. तिने काट्याने थोडं उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली हे तर पानच आहे. मी त्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली हो, आम्ही आतली कोवळी पानंच बारीक चिरतो आणि लिंबाच्या पाण्यात टाकतो काळी पडू नयेत म्हणून, आणि ती आतली लहान फुलं? ती काढून टाकतो, कडू लागतात. म्हणजे आपण टाकतो ते हे खातात आणि आपण खातो ते हे टाकतात. एका केळफुलाचे असे दोन देशांत दोन अर्धे भाग खाल्ले जातात हे कळल्यावर आईचा चेहरा जो झाला तो मला कायम लक्षात राहणार आहे. तिने ती बशी एकटीने संपवली.

मग बान सेओ आला, आणि इथे मला जरा थांबून सांगायला लागेल.

बान सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचं, हळद घातलेलं, दक्षिणेत नारळाचं दूध घातलेलं पातळ घावन. 'सेओ' हा आवाज आहे, तापलेल्या कढईत पीठ पडल्यावर येतो तो, आपण चर्र म्हणतो तसा. त्यात कोळंबी, डुकराचे तुकडे, मूगडाळ, मुगाचे मोड घालतात आणि अर्ध्यात दुमडतात. आदल्या दिवशी आम्ही तो तान दिन्हच्या गुलाबी चर्चसमोरच्या गल्लीत खाल्ला होता. तिथे बायका ओळीने कढया मांडून बसतात, कोळशावर, एक कढई भरायची, दुसरी फिरवायची, तिसरीतलं उलथन्याने दुमडून ताटात, हात क्षणभर थांबत नाही. आई तिथे उभी राहूनच बघत होती. तिच्याकडे बिडाचा तवा आहे, तिच्या सासूचा, त्याला ती अर्धा कांदा काट्याला टोचून तेल लावते आणि पीठ लांबून ओतते, मग जाळी पडते. ती मला म्हणाली, ह्यांचं पीठ आपल्यापेक्षा पातळ आहे आणि ही झाकण ठेवून लगेच काढतेय, म्हणून कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ. तिला भाषा येत नव्हती पण हात वाचता येत होता.

पण गल्लीतल्या त्या बान सेओची खरी गोष्ट घावनात नव्हती. त्याच्याबरोबर आलेल्या पाल्यात होती. हे एवढं मोठं ताट, लिहिताना दोन्ही हात लांब केलेत मी. मोहरीची तळहातापेक्षा मोठी पानं, लेट्यूस, पुदिना, 'तिया तो' म्हणतात ते पान, एका बाजूने हिरवं एका बाजूने जांभळं, आणि एक हृदयाच्या आकाराचं पान ज्याला चक्क मासळीचा वास येतो, व्हिएतनामी नावातही मासा आहेच त्याच्या. आणि एक आईने चुरगळून नाकाला लावलं आणि लगेच म्हणाली, सब्जा. खरंच सब्जा. आपण ज्याचं बी फालुद्यात घालतो त्याचीच पानं. तर मोहरीचं पान तळहातावर पसरायचं, त्यावर घावनाचा तुकडा तोडून ठेवायचा, तुम्हाला हवी ती पानं, हवी तेवढी, गुंडाळायचं आणि नुओक मामच्या वाटीत बुडवून तोंडात. पाल्याचे वेगळे पैसे नाहीत. संपला की पुन्हा.

आता रेस्टॉरंटमधला. एका लांबट काळ्या दगडी बशीत तीन छोटे बान सेओ, तळहाताएवढे, टाकोसारखे उभे दुमडलेले आणि लाकडी खाचेत ठेवलेले. प्रत्येकात एक अख्खी टायगर कोळंबी, सुंदर भाजलेली. वर पुदिन्याचं एक पान, एक जांभळं फूल, सॉसचे तीन ठिपके आधीच घातलेले. दिसायला अप्रतिम. चवीलाही चांगला, पीठ कुरकुरीत, कोळंबी रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी ताजी आणि मोठी.

आईने बशी फिरवून पाहिली. मग खाली वाकून, दुसरी एखादी बशी यायची आहे का, असं त्या मुलीच्या हाताकडे पाहिलं. आणि मग मला विचारलं, "पाला खंय असा?"

मला तेव्हा जे वाटत होतं आणि नेमकं सांगता येत नव्हतं ते आईने तीन शब्दांत विचारलं. त्या बशीत काय कमी होतं? काहीच नाही, आणि तीच अडचण होती. तो पदार्थ पूर्ण होऊन आला होता. गल्लीतला पदार्थ अर्धवट येतो. अर्धा बनवणारीने केलेला असतो आणि उरलेला अर्धा खाणाऱ्याने करायचा असतो, टेबलावर, हाताने. लिंबू किती, मिरची किती, कुठलं पान, किती बुडवायचं, हे सगळं खाणाऱ्याच्या हातात. आपल्या भेळवाल्याला आपण सांगतो ना, भैया तिखट कमी, कांदा नको, वरून अजून शेव, आणि शेवटी ती एक सुकी पुरी मागून घेतो, तसंच. रस्त्यावर उभं राहिल्यामुळे ते खाणं आपलं वाटत नाही, त्या हक्कामुळे वाटतं. आणि शेफच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा जातो तो हाच हक्क, कारण शेफला वाटतं घास कसा लागावा हे मी ठरवणार. त्याच्या बाजूने ते बरोबरच असेल, तो त्यासाठी शिकलाय. पण मग तुम्ही स्टूल ठेवा, भिंतीवर सायकल टांगा, निऑनची पाटी लावा, रस्ता काही आत येत नाही.

माझ्या मते तर व्हिएतनामच्या, निदान दक्षिणेच्या खाण्याचा जीव याच अर्धवटपणात आहे. फोचंच बघा. फो मुळात उत्तरेचा, हनोई आणि नाम दिन्हकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिकडे तो साधा असतो, स्वच्छ रस्सा, कांद्याची पात, फार तर लिंबू, मिरची, व्हिनेगरमधली लसूण. १९५४ साली जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन तुकडे झाले आणि उत्तरेतून आठ-दहा लाख माणसं दक्षिणेत आली, घरदार सोडून, आणि सायगॉनमध्ये गल्लोगल्ली फो शिजायला लागला. होता आधीही, पण थोडा. आणि मग दक्षिणेने त्याला काय केलं, तर रश्श्याला फार हात लावला नाही, शेजारी एक ताट आणून ठेवलं. सब्जा, लांब करवती कडांचं कोथिंबिरीच्या वासाचं पान, मुगाचे मोड, लिंबू, मिरची, दोन सॉस. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात पाणी भरपूर, हिरवं बाराही महिने, तिथल्या माणसाला पाल्याशिवाय जेवण सुचणारच नाही. आलेल्या माणसांचा रस्सा आणि तिथल्या माणसांचा पाला, दोन्ही एका टेबलावर, आणि मिसळायचं काम खाणाऱ्याकडे. हनोईच्या काही जुन्या खवय्यांना ते आजही आवडत नाही म्हणतात. मला सायगॉनचाच आवडतो, त्या ताटासकट.

तर मी त्या मुलीला बोलावलं. 'एम ओय' म्हणायचं, म्हणजे अगं धाकटे, अशी तिकडे हाक मारतात. सांगितलं की आईला पाला हवाय. ती म्हणाली, गार्निश? मी म्हटलं नाही, पाला, ताट भरून, काल तान दिन्हला मिळाला तसा. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे, आणि मग तिचा तो रेस्टॉरंटचा चेहराच गेला हो, एकदम हसली, तिच्याच घरातलं कोणीतरी टेबलावर येऊन बसलंय असं. आत गेली. आतून बोलल्याचा आवाज आला. पाचेक मिनिटांनी एक बांबूची टोपली आली, पाण्याने निथळणारी, मोहरीची पानं, तिया तो, पुदिना, सब्जा, सगळं, आणि बरोबर गुंडाळून खायचे तांदळाचे पातळ कागद आणि नुओक मामची मोठी वाटी. ती म्हणाली हे स्टाफच्या जेवणातलं आहे, आम्ही आत असंच खातो.

आईने तो सुबक बान सेओ खाचेतून काढला, मोडला, मोहरीच्या पानावर ठेवला आणि गुंडाळायला घेतला. तिचा हात पानाचा विडा लावणाऱ्याचा आहे, आजोबांना ती लावून द्यायची. बाजूच्या टेबलावर एक कुटुंब होतं, तिथलंच, आजी-आजोबा आणि नातवंडं, वाढदिवस असावा. त्या आजीने आमच्या टोपलीकडे पाहिलं, आपल्या बशीकडे पाहिलं, आणि हाक मारली, एम ओय! पुढच्या दहा मिनिटांत त्यांच्याकडेही टोपली गेली. दोघी आज्या एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या. माझी तर हिंमतच झाली नाही फोटो काढायची, मध्ये फोन आणावासा वाटला नाही.

नुओक मामबद्दल पण सांगायचंय, कारण माझ्या किती मैत्रिणी त्याच्या वासाने पळतात. तो बनतो फक्त दोन गोष्टींपासून, बारीक मासळी आणि मीठ. साधारण तीन भाग मासळी, एक भाग मीठ, मोठमोठ्या लाकडी पिंपात वर्षभर ठेवायचं, मग खालून जो तांबूस रस गळतो तो. फू क्वोक बेटावरचा सगळ्यात नावाजलेला, युरोपियन युनियनने २०१२ मध्ये त्या नावाला संरक्षण दिलं, आपल्या जीआय टॅगसारखं. मासळी असते ती आपल्या मांदेलीच्याच कुळातली. आईने पहिल्या दिवशी वाटीला नाक लावलं आणि म्हणाली, हा तर खाऱ्याच्या मडक्याचा वास. पावसाळ्यासाठी बांगडे मिठात दाबून ठेवतात ना आमच्याकडे, त्या मडक्याच्या तळाशी पाणी साठतं. "तां पाणी आम्ही जन्मभर ओतून टाकलां गो," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्यांदा बुडवलं. ज्या पोरींना वास नको वाटतो त्यांनी तो सरळ बाटलीतून हुंगू नये, लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची घालून केलेल्या वाटीतला खावा. त्यात तो आंबट-गोड-खारट-तिखट होऊन जातो आणि वास कुठच्या कुठे.

त्यानंतर कम ताम. कम म्हणजे भात, ताम म्हणजे मोडलेला. सरळ सांगायचं तर कणी. भात सडताना मोडलेले दाणे बाजारात विकले जायचे नाहीत, ते मेकाँगकडचे शेतकरी आणि मजूर घरी शिजवून खायचे. पुढे शहरात आले, सकाळी कामाला जाणाऱ्यांचा नाश्ता झाला, वर कोळशावर भाजलेली डुकराची बरगडी आली, अंड्याचा वडीसारखा केक आला, कांद्याच्या पातीचं तेल, लोणच्याचं गाजर-मुळा, आणि आज सायगॉनची ओळख विचारली तर लोक फोच्या आधी कम ताम सांगतील. इथे तो मातीच्या भांड्यात आला, आईसाठी बरगडीऐवजी कॅरॅमलमध्ये आटवलेला मासा. बरोबर छोट्या वाटीत चिंचेचं आंबट सार, त्यात अननस, टोमॅटो, भेंडी आणि हिरवे सच्छिद्र तुकडे, स्पंजासारखे. आईने एक चावला आणि मला कोपराने ढोसलं. अळवाचा देठ! तिकडचा वेगळा असतो, खाजत नाही, पण अळवाच्याच जातीतला.

भाताला मात्र ती काही बोलली नाही बराच वेळ. चार दाणे बोटावर घेऊन अंगठ्याने फिरवत होती. मग सांगायला लागली, की तिच्या माहेरी अख्खे तांदूळ वेगळ्या कणगीत असायचे, पाहुण्यांना आणि चतुर्थीला. घरच्यांना कण्यांची पेज, वर भाजलेला खारा बांगडा. शाळेत मैत्रिणीने विचारलं काय जेवलीस तर ती भात सांगायची. पेज सांगायची लाज वाटायची. हे मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही सायगॉनमध्ये. आणि तेच मोडके दाणे आता इथे मातीच्या भांड्यात, पांढऱ्या रुमालावर ठेवून, दोन लाख चाळीस हजार डोंगला. म्हणजे साधारण आठशे रुपये, फुटपाथवर पन्नास-साठ हजारांत मिळतो तोच. मी तिला किंमत सांगितली तेव्हा मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, असूं दे, कण्यांका मान गावलो.

मी यावर खूप विचार केलाय नंतर. किंमत जास्त आहे हे आहेच, ज्याने हा पदार्थ जगवला तो माणूस इथे जेवू शकणार नाही हेही आहे. पण एखादी गोष्ट गरिबीची खूण म्हणून लपवली जाते, आणि तिच्यावर कोणी वीस तास काम करतं, ती नावानिशी मेन्यूवर लिहितं, याला किंमत नाही असं मी आईसमोर बसून म्हणू शकत नाही. शिवाय कम तामच्या बाबतीत त्या शेफने सगळं मोकळं ठेवलं होतं, सॉस वेगळा, तेल वेगळं, लोणचं वेगळं, आम्ही आमचं कालवून घेतलं. म्हणजे त्याला कळतं. मग बान सेओलाच का बांधून टाकलं? बहुधा तो फोटोत छान दिसतो म्हणून, माझा अंदाज.

आणि खाली रस्त्यावरचं तरी कुठे कायम राहणार आहे. २०१७ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्ट वनमध्ये फुटपाथ मोकळे करायची मोठी मोहीम झाली होती, पायऱ्या फोडल्या, टपऱ्या उचलल्या, त्या भागाचं छोटं सिंगापूर करायचं अशी भाषा होती. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कुणालाही ही जप्तीची गाडी ओळखीची आहे, मागे हातगाड्या आणि गॅसच्या शेगड्या रचलेली. फुटपाथ चालणाऱ्याचा आहे हे खरंच, आईलाच तिथे चालताना किती त्रास झाला. पण मला भीती अशी वाटते की एक दिवस रस्ता स्वच्छ होईल आणि रस्त्याची चव फक्त वर, पाठीच्या खुर्च्यांवर उरेल, ती पण पाल्याशिवाय. खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या बाया मला या वेळी दिसल्या, एका बाजूला चूल आणि पातेलं, दुसऱ्या बाजूला वाट्या, पाणी आणि दोन स्टुलं. अख्खं हॉटेल एका खांद्यावर. त्यातल्या एकीकडे आम्ही टोफू आणि आल्याचा गोड पाक खाल्ला होता, पैसे देताना तिने आईचा हात धरून काहीतरी विचारलं, मी फोनवर भाषांतर काढलं, तर 'जेवलात का?' असं होतं. तिकडे 'कसे आहात' च्या जागी हेच विचारतात, आन कम चुआ, भात खाल्ला का. आता काय सांगायचं, आमच्या आजीला दारात कोणीही आलं तरी तिचं पहिलं वाक्य हेच असायचं.

शेवटी केळ्याचं चे आलं, नारळाच्या दुधात शिजवलेली केळी आणि साबुदाणा, वर मिठाचं आइस्क्रीम. ते आइस्क्रीम नसतं तरी चाललं असतं. मी कॉफी घेतली, फिनमधून, म्हणजे कपावर ठेवायच्या तिथल्या छोट्या धातूच्या गाळणीतून, थेंब थेंब पडणारी, खाली कंडेन्स्ड मिल्क, बर्फ. आईने चे मधली केळी खाल्ली आणि म्हणाली गूळ हवा होता. बिल आलं त्यात टोपलीचे पैसे नव्हते. मी विचारलं तर ती मुलगी म्हणाली, पाल्याचे कसले पैसे.

निघताना आईने पर्समधून कागदाची पुडी काढली. वेंगुर्ल्याहून आणलेले काजू होते, भाजलेले, सालासकट, वाटेत लागतील म्हणून घेतलेले. बाये, घे गो. ती मुलगी दोन्ही हात पुढे करून घेते, तिकडे मोठ्यांकडून काही घेताना दोन्ही हात लावायची रीत आहे. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि मी तिला थांबवलं, कारण मी कुठेतरी वाचलं होतं की तिकडे डोक्याला हात लावत नाहीत. मग तिने तिची पाठ थोपटली.

हे सगळं डिसेंबरातलं. परवा आईचा फोन आला सकाळी सातला. त्या दिवशी टोपलीत उरलेल्या एका तुऱ्याला बी धरलेलं होतं म्हणून तिने ते रुमालात बांधून आणायचं ठरवलं होतं, मी नको म्हटलं, विमानतळावर अडवतील, तर तिने वेंगुर्ल्याच्या बाजारातून दहा रुपयांचा सब्जा घेतला आणि परसात, तुळशीपासून जरा लांब, पेरला. पेरून तीन आठवडे झाले. मोहरी पण पेरलीय, फोडणीच्या डब्यातलीच. बाबांना हळद घालून घावन करून घातलं आणि कच्चा पाला समोर ठेवला तर ते म्हणाले हे काय गुरांसारखं, पण दोन खाल्ली.

"सब्जो इलो," ती म्हणाली. "चार चार पानां असत. होळयेक येतलंस तेव्हा ते तांदळाचे कागद मिळतंत काय बघ पुण्यात."